कचेरीचं छप्पर आणि सरकारी तिजोरी

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

मुंबईच्या उच्च न्यायालयाची इमारत आपल्यापैकी अनेकांनी निदान ओव्हल मैदानाच्या बाजूनं तरी पाहिली असेल. १८७१ च्या एप्रिलमध्ये तिचं काम सुरू झालं आणि १८७८ च्या नोव्हेंबरात संपलं. आराखडा कर्नल फुलर यांचा. खर्च आला १६ लाख ४४ हजार ५२८ रुपये. मंजूर झालेल्या अंदाजापेक्षा हा खर्च २,६६८ रुपयांनी कमी होता! इमारतीच्या इतिहासाविषयी कुठंही काही छापून आलं की हे २,६६८ रुपये त्यात असतातच. मुंबई महापालिकेच्या इमारतीचीही अशीच गोष्ट सांगतात. अंदाज होता ११ लाख ८८ हजार ८२ रुपयांचा आणि १८९३ साली काम पुरं झालं तेव्हा खर्च निघाला ११ लाख १९ हजार ९६९. म्हणजे ६८ हजारांवर बचत.

हे आकडे ऐकले की आपल्याला बरं वाटतं. काय ते लोक, काय तो हिशोब! पण मी महसूल खात्यात चौतीस वर्षं काढलेला माणूस. कारकून म्हणून लागलो, अव्वल कारकून होऊन निवृत्त झालो. त्यामुळे माझ्या डोक्यात वेगळाच प्रश्न येतो. इमारत उभी राहिली, फीत कापली, हिशोब बंद झाला. त्यानंतर दर पावसाळ्याआधी तिच्या छपरावर माणूस चढवायचा, पन्हळी साफ करायच्या, भिंतीतून उगवलेला पिंपळ उपटायचा, त्याचे पैसे कोणी द्यायचे? आणि कोणत्या खात्यातून? बांधकामाचे आकडे कोनशिलेपर्यंत पोचतात. डागडुजीचे आकडे रोजकीर्दीत राहतात आणि रोजकीर्दीला वाळवी लागते. सरकारी कचेऱ्यांचा इतिहास या दुसऱ्या बाजूनं वाचायचा मी निवृत्तीनंतर नाद लावून घेतला. त्यातलं थोडंसं आज आपल्यापुढे ठेवतो.

सुरुवात आपल्याच मातीतून करू. शिवाजी महाराजांच्या काळातला, १६७१-७२ सालचा एक जाबता प्रसिद्ध आहे. गडांवरच्या इमारतींसाठी आणि बांधकामासाठी किती पैसे ठेवायचे याची ती यादी आहे. एकूण रक्कम १ लाख ७५ हजार होन. त्यातले ५० हजार एकट्या रायगडाला, बाकीचे इतर गडांना वाटून. म्हणजे आजच्या भाषेत सांगायचं तर अर्थसंकल्पातली तरतूदच. पण मला त्याहून महत्त्वाचं वाटतं ते रामचंद्रपंत अमात्यांच्या नावानं ओळखलं जाणारं आज्ञापत्र, अठराव्या शतकाच्या दुसऱ्या दशकातलं. त्यात गड कसा बांधावा याबरोबरच बांधलेला गड कसा राखावा हेही सांगितलं आहे. तटावर झाडं वाढतात, ती वेळच्या वेळी कापावीत. तटाचं आणि तटाखालचं गवत जाळून गड साफ ठेवावा. राज्यकारभाराच्या ग्रंथात गवत कापायची आज्ञा! ज्यानं पावसाळ्यात भिंतीच्या सांध्यात शिरणारं पिंपळाचं मूळ पाहिलं आहे त्यालाच हे सुचू शकतं. त्या मुळाला कोवळं असताना दोन बोटं पुरतात. दहा वर्षांनी अख्खी भिंत उतरवावी लागते.

१८१८ साली पेशवाई गेली आणि इंग्रजांना पुण्यात कचेऱ्यांसाठी एकही वीट रचावी लागली नाही. वाडे तयारच होते. शनिवारवाड्याचं काम १७३० साली सुरू झालं, १७३२ मध्ये वास्तुशांत झाली, आणि त्याचा त्या वेळचा खर्च १६,११० रुपये सांगतात. पुण्याचा पहिला कलेक्टर रॉबर्टसन काही काळ तिथंच राहिला. पुढे त्याच वाड्यात तुरुंग आला, दवाखाना आला, वेड्यांचं इस्पितळ आलं. बुधवारवाड्यात सरकारी कचेऱ्या बसल्या, विश्रामबागवाड्यात १८२१ साली संस्कृत पाठशाळा सुरू झाली. फुकट मिळालेल्या वस्तूची माणूस जशी काळजी घेतो तशीच या वाड्यांची घेतली गेली. हे वाडे लाकडाचे होते. अशा वाड्यात रोज राबती माणसं, झाडलोट, दिवाबत्तीवर नजर, वेळच्या वेळी तेलपाणी हवं असतं. कचेरी संध्याकाळी बंद होते, मग वाड्याकडे बघायला कोण? १८२८ च्या फेब्रुवारीत शनिवारवाडा जळाला तो कित्येक दिवस जळत होता. १३ मे १८७९ च्या रात्री बुधवारवाडा आणि विश्रामबागवाडा दोन्ही पेटले. ही आग मात्र लावलेली होती आणि सुरुवातीला तिचा संशय वासुदेव बळवंत फडक्यांच्या बंडावर घेतला गेला. बुधवारवाडा संपला. विश्रामबागवाड्याची डागडुजी झाली म्हणून त्याची लाकडी कमळं आणि सुरूचे खांब आपल्याला आजही पाहायला मिळतात. पुढे कित्येक वर्षं तिथं पुणे नगरपालिकेची कचेरी होती.

आता पैशाकडे येऊ. कंपनी सरकारच्या काळात इमारती आणि रस्ते बघायचं काम लष्करी मंडळाकडे होतं. लढाई असली की त्यांचं लक्ष लढाईकडे, हे ओघानं आलंच. मुलकी कचेऱ्यांचं काय होत असेल याचा अंदाज मुंबईच्या टाउन हॉलवरून करता येतो. आज आपण ज्याला एशियाटिक लायब्ररी म्हणतो तीच ती इमारत. तिची कल्पना १८११ मधली, काम सुरू झालं १८२१ ला, आणि पैसे कमी पडले म्हणून चक्क लॉटरी काढलेली होती. तेवढ्यानंही भागलं नाही. शेवटी उरलेला खर्च सरकारनं उचलला तो एका अटीवर, आम्हाला आत कचेरीसाठी जागा द्या! म्हणजे मुंबईतली एक देखणी इमारत थोडी लॉटरीवर आणि थोडी भाड्याच्या सौद्यावर पुरी झाली. तीस पायऱ्या चढून वर गेलात तर हे जरूर आठवा.

लॉर्ड डलहौसीनं १८५४ च्या सुमारास सार्वजनिक बांधकाम खातं काढलं. आपल्याकडे लोक ज्याला 'पीडब्ल्यूडी' म्हणतात, कधी प्रेमानं, बहुतेक वेळा वैतागानं, ते हेच खातं. खातं झालं, अभियंते आले, हिशोबाच्या वह्या आल्या. पण तिजोरीची किल्ली कलकत्त्यालाच राहिली. सर जॉन स्ट्रॅची हे त्या काळचे बडे अधिकारी. त्यांनी नंतर लिहून ठेवलं आहे की, दोन बाजारांमधल्या रस्त्यावर वीस पौंड खर्चायचे असोत, कोसळलेला तबेला पुन्हा उभा करायचा असो किंवा महिना दहा शिलिंगांवर एखादा हरकाम्या ठेवायचा असो, त्यासाठी प्रांताला हिंदुस्थान सरकारकडे रीतसर लिहावं लागे. कोसळलेला तबेला! विचार करा, रत्नागिरीला भिंत पडली आहे, तिथून कागद पुण्याला किंवा मुंबईला, तिथून कलकत्त्याला, आणि तोच कागद त्याच वाटेनं परत. दरम्यान दोन पावसाळे उलटले. त्यात गंमत अशी की जो प्रांत जास्त आरडाओरड करील त्याला जास्त पैसे मिळत. काटकसर करणाऱ्याच्या पदरी काहीच नाही, कारण वाचवलेले पैसे वर्षाअखेर कलकत्त्याला परत जात.

यावर तोडगा काढला लॉर्ड मेयोनं. १४ डिसेंबर १८७० चा त्याचा ठराव हिंदुस्थानच्या अर्थव्यवस्थेच्या इतिहासात फार मोठा मानतात. तुरुंग, नोंदणी, पोलीस, शिक्षण, दवाखाने, छापखाने, रस्ते आणि मुलकी इमारती ही खाती त्यानं प्रांतांकडे सोपवली आणि त्यासाठी दरसाल एक ठरावीक रक्कम बांधून दिली. शिल्लक राहिली तर ती तुमची, कमी पडली तर तुमचं तुम्ही बघा. कोसळलेल्या तबेल्यासाठी आता कलकत्ता गाठायला नको. हे चांगलंच झालं. पण ही रक्कम देताना आधीच्या खर्चापेक्षा तीन लाख पौंडांहून जास्त कमी केले होते, आणि ठरावातल्या यादीकडे पुन्हा एकदा पाहा. पोलीस, शाळा, दवाखाना, रस्ता आणि इमारत एकाच ताटात जेवायला बसवले आहेत. पोलिसाचा पगार थांबवता येत नाही. दवाखान्यातलं औषध थांबवलं तर माणसं मरतात. रस्ता खचला तर बैलगाडी अडते आणि लोक बोलतात. कचेरीची कौलं मात्र पुढच्या वर्षी बदलली तरी चालतं. 'पुढच्या वर्षी' हा शब्द सरकारी इमारतींच्या नशिबी आला तो इथून, असं माझं मत आहे. तेव्हापासून नियम बदलले, सरकारं बदलली, पण एकाच ताटातली ही पंगत काही उठली नाही.

तुम्ही म्हणाल, मग त्याच काळात मुंबईत एवढे महाल कसे उभे राहिले? त्याचं उत्तर असं, की ते चालू महसुलातून उभे राहिले नाहीत. सर बार्टल फ्रियर १८६२ साली गव्हर्नर झाले आणि त्यांनी जुन्या किल्ल्याचे तट पाडायला घेतले. तटामुळे अडलेली जमीन मोकळी झाली. अमेरिकेत यादवी युद्ध चालू होतं, आपल्या कापसाला सोन्याचा भाव होता, जमिनीला कोणी म्हणेल ती किंमत येत होती. तट पाडायचा एक वेगळा निधी केला गेला आणि जमिनीच्या विक्रीतून आलेला पैसा नव्या इमारतींकडे वळवला गेला. १८६५ साली शेअरबाजार कोसळून अर्धी मुंबई बुडाली, पण आखणी झालेली होती, आणि सत्तरच्या दशकात एकेक इमारत पुरी होत गेली. कर्नल विल्किन्स यांचं सचिवालय १८७४ ला, मागोमाग उच्च न्यायालय. शहरातल्या दानशूर लोकांनीही हात सैल सोडला होता. कावसजी जहांगीर रेडीमनी यांनी विद्यापीठाच्या सभागृहाला दिले, प्रेमचंद रायचंद यांनी राजाबाई टॉवरला दिले. इस्पितळाला, शाळेला, पाणपोईला देणारे होतेच. मात्र सचिवालयाची कौलं चाळायला दान देणारा शेटजी मला कुठल्याही कागदात भेटलेला नाही.

तटाची जमीन एकदाच विकता येते. समुद्राचं खारं वारं मात्र दर वर्षी येतं, आणि मुंबईचा पाऊस सव्वादोन-अडीच हजार मिलिमीटर पडतो. एकदाच आलेल्या पैशातून बांधलेल्या वास्तू दर वर्षीच्या तुटपुंज्या पैशावर जगवायच्या, हे ओझं त्या पिढीनं पुढच्या सगळ्या पिढ्यांवर टाकलं. मी त्यांना दोष देत नाही. त्यांनी सुंदर बांधलं. जुनं सचिवालय आज शहर दिवाणी व सत्र न्यायालय म्हणून वापरात आहे, म्हणजे दीडशे वर्षं ती वास्तू राबते आहे.

मुंबई सोडून आता तालुक्याच्या गावी येऊ. आपल्याकडची जुनी मामलेदार कचेरी डोळ्यांपुढे आणा. दगडी जोतं, पुढे ओटी, लाकडी खांब, वर मंगलोरी कौलं. एका अंगाला खजिना आणि त्यावर पहारा, दुसऱ्या अंगाला रेकॉर्ड रूम. या रेकॉर्ड रूममध्ये लाकडी मांडण्यांवर रुमालात बांधलेली दप्तरं. रुमाल म्हणजे खिशातला नव्हे, चांगला हातभर लांबीचा लाल किंवा खादीचा फडका. त्या फडक्यात गावाची अब्रू बांधलेली असते असं आमचे जुने रेकॉर्डकीपर म्हणत. फेरफाराच्या वह्या, पाहणीपत्रकं, कोतवाल बुकं. कोतवाल बुक म्हणजे गावच्या जन्ममृत्यूची नोंद, गाव नमुना १४. कोण कधी जन्मलं, कोणाचा बाप कोण, कोणत्या जातीचा, हे दाखवणारा कित्येक घरांचा तो एकुलता एक कागद.

या कचेरीचं कौल फुटलं तर काय होतं ते सांगतो. कचेरी वापरतं महसूल खातं, पण इमारत असते बांधकाम खात्याच्या पुस्तकात. तहसीलदाराला सादिलमधून, म्हणजे किरकोळ खर्चाच्या पैशातून, बादली घेता येते. प्लॅस्टिकचा कागद घेता येतो. फुटलेलं कौल बदलता येत नाही, कारण ते 'बांधकाम' झालं. त्यासाठी बांधकाम खात्याला पत्र, मग ओव्हरसियर येऊन मोजमाप घेणार, अंदाजपत्रक करणार, मग प्रशासकीय मान्यता, मग तांत्रिक मान्यता, मग निविदा. दुरुस्तीसाठी दर वर्षी किती पैसे द्यायचे हे ठरवायची जुनी रीतही मोठी मजेशीर होती. इमारतीच्या मूळ किमतीवर टक्केवारी! समजा एखादी कचेरी शंभर वर्षांपूर्वी वीस हजारांत बांधली. तिच्यावर दीड टक्का धरला तर वर्षाला तीनशे रुपये. म्हणजे इमारत जितकी जुनी, जितकी थकलेली, तितका तिचा औषधाचा खर्च कमी. पुढे क्षेत्रफळावर दर ठरू लागले, पण त्या तीनशे रुपयांच्या हिशोबानं जे व्हायचं ते नुकसान तोवर होऊन गेलेलं होतं.

पंचांगाचाही घोळ आहे. आपलं आर्थिक वर्ष १ एप्रिलला सुरू होतं, ही १८६७ सालापासूनची रीत. त्याआधी काही वर्षं ते १ मेपासून धरत. एप्रिलला वर्ष सुरू झालं तरी अनुदानाचं वाटप होऊन पैसे विभागापर्यंत पोचेस्तोवर आषाढ उजाडतो. पावसात छपरावर कोण चढणार? मग दिवाळीनंतर निविदा, आणि जानेवारी उलटला की एकदम धावपळ, कारण ३१ मार्चला न खर्चलेले पैसे परत जातात. मेयोनं घालवलेली ती जुनी खोड वेगळ्या वाटेनं परत आली म्हणायची. शाकारणी करायला वेळ लागतो, एकेक कौल काढून, वासे तपासून, पुन्हा लावावं लागतं. रंग मात्र आठवड्यात होतो, चौरस मीटरमध्ये मोजता येतो आणि साहेबांना लांबून दिसतो. म्हणून मार्चमध्ये आमच्या कचेऱ्यांना रंग लागे. गळती तशीच. १९८४ साली केंद्रानं एल. के. झा यांच्या अध्यक्षतेखाली एक समिती नेमली होती. पावसाचा विचार करून आर्थिक वर्ष जानेवारी ते डिसेंबर करावं असं त्या समितीनं सुचवलं. ते कोणी मनावर घेतलं नाही.

मी एका तालुक्याच्या कचेरीत होतो तेव्हाची एक गोष्ट आहे, ऐंशीच्या दशकातली. गाव सांगत नाही. श्रावणातला दिवस होता. रेकॉर्ड रूममध्ये मांडण्यांवर आम्ही प्लॅस्टिक अंथरलेलं, त्याच्या खोलगटात पाणी साचलेलं. एक म्हातारी बाई भावाबरोबरच्या जमिनीच्या वाटणीसाठी वडलांच्या वेळचा फेरफार मागायला आली होती. तिसरी खेप तिची. मी रुमाल सोडला तर आतली वही विटेसारखी झालेली. पानं एकमेकांना चिकटून त्यांचा एकच ठोकळा झाला होता. मी नखानं एक पान सोडवायला गेलो आणि शाई माझ्या बोटाला आली. "दादा, आमचं पान कंचं?" तिनं विचारलं. मी तिला लिहून दिलं, 'अभिलेख जीर्ण झाल्याने नक्कल देता येत नाही.' नियमाप्रमाणे तेवढंच लिहिता येतं. त्या पानावर तिच्या बाजूचं लिहिलं होतं की विरुद्ध, ते आता कोणालाच कळणार नव्हतं, आणि जमीन ज्याच्या ताब्यात होती त्याच्याच ताब्यात राहिली. छपराच्या त्या भागाचं अंदाजपत्रक त्याआधी तीन वर्षं दर वर्षी जात होतं. रक्कम काही शेकड्यांत होती.

स्वातंत्र्यानंतर पैसा वाढला, हे खरंच आहे. १९५१ पासून पंचवार्षिक योजना आल्या. धरणं झाली, शाळा झाल्या, १९६२ ला जिल्हा परिषदा आल्या आणि त्यांच्यासाठी जागोजागी इमारती उभ्या राहिल्या. पण त्याबरोबर सरकारी खर्चाचे दोन वर्ण झाले. एक योजनांतर्गत, दुसरा योजनेतर. नवीन इमारत योजनांतर्गत, म्हणजे विकास. बांधून झालेल्या इमारतीची दुरुस्ती योजनेतर, म्हणजे नुसता खर्च. तिजोरीत खडखडाट झाला की काटकसरीचं परिपत्रक निघे आणि पहिली कात्री योजनेतर खर्चाला लागे. त्यातही पगाराला आणि कर्जाच्या व्याजाला कात्री लावता येत नाही. मग उरतं काय? मेयोच्या पंगतीतलं तेच शेवटचं पान. त्यामुळे नवी इमारत बांधणं जुनी दुरुस्त करण्यापेक्षा सोपं होऊन बसलं. हा योजनेतरचा भेद अखेर २०१७-१८ च्या अर्थसंकल्पापासून काढून टाकला गेला. आता महसुली आणि भांडवली असे दोनच भाग आहेत. हिशोबाच्या भाषेत सरकारी कचेऱ्यांची देखभाल २०५९ या लेखाशीर्षाखाली येते आणि नव्या बांधकामाचा भांडवली खर्च ४०५९ खाली. २०५९ हे साल नव्हे बरं का, नाहीतर कोणी म्हणायचं, दुरुस्तीला तेव्हाचा मुहूर्त आहे!

दिल्लीतही हे कोणाच्या ध्यानात आलं नव्हतं असं नाही. डॉ. सी. रंगराजन यांच्या अध्यक्षतेखालच्या बाराव्या वित्त आयोगानं राज्यांच्या सार्वजनिक इमारतींच्या देखभालीसाठी २००६ ते २०१० या चार वर्षांत ५ हजार कोटी रुपयांचं अनुदान सुचवलं. रस्ते आणि पुलांसाठी त्याच्या तिप्पट, १५ हजार कोटी. मला त्यातली अट फार आवडली. राज्य एरवी देखभालीवर जो खर्च करतं तो त्यानं करतच राहायचा, हे पैसे त्यावर जादा. आयोगाला माणसाचा स्वभाव ठाऊक होता. बाहेरून पैसे आले की घरचे पैसे दुसरीकडे वळवायचे, ही युक्ती संसारात आपणही करतोच.

नागपूरकरांना हा विषय वेगळा समजावून सांगावा लागत नाही. हिवाळी अधिवेशन जवळ आलं की आमदार निवास, रविभवन, विधानभवनाचा परिसर यांना रंग चढतो, नळ बदलतात, गाद्या बदलतात. दर वर्षी वर्तमानपत्रं त्या खर्चावर लिहितात आणि दर वर्षी तो होतो. मी त्याला सरसकट नावं ठेवणार नाही. निदान तिथं एक तारीख ठरलेली असते, तोवर काम व्हावंच लागतं. तालुक्याच्या कचेरीला अशी तारीख नाही. एखादा मंत्री दौऱ्यावर आला तर आला.

आणि नाहीतर आग. मंत्रालयाची इमारत १९५५ मधली. २१ जून २०१२ ला दुपारी तिथं आग लागली, वरचे मजले जळाले, पाच माणसं गेली, हजारो फायली राख झाल्या. त्यानंतर नूतनीकरणाला पैसा मिळाला, आणि तातडीनं मिळाला. जुन्या कचेरीतली वायरिंग, कपाटांनी अडलेल्या वाटा, छताला लावलेलं लाकूड आणि कागदाचे ढीग यांचा काय मेळ बसतो हे ज्यानं कचेरीत नोकरी केली त्याला ठाऊक असतं. पण वायरिंग बदलण्याचं उद्घाटन होत नाही. जागा अपुरी पडते म्हणून राज्य सरकारनं नरिमन पॉइंटची एअर इंडियाची इमारत १,६०१ कोटींना घ्यायचं ठरवलं आणि २०२४ साली केंद्रानं त्याला मंजुरी दिली. जागा लागणारच, त्याबद्दल तक्रार नाही. फक्त त्या इमारतीलाही आता पन्नास वर्षं झाली आहेत आणि तीही समुद्राकाठी आहे, एवढं आमच्यासारख्याच्या लगेच मनात येतं.

२०२३ च्या शेवटी महाराष्ट्रातल्या सगळ्या रेकॉर्ड रूमची कुलपं एकाच वेळी निघाली, असं आमच्या हयातीत प्रथमच झालं. आरक्षणाच्या प्रश्नावर न्यायमूर्ती संदीप शिंदे समिती नेमली गेली होती आणि कुणबी नोंदी शोधायच्या होत्या. तहसील कचेऱ्या, शाळा, भूमी अभिलेख, पोलीस ठाणी, सगळीकडे जुनी दप्तरं निघाली. मराठवाड्यात निजामाच्या वेळची कागदपत्रं, इतरत्र मोडीतली कोतवाल बुकं. मोडी वाचणाऱ्यांना एकदम भाव आला. ज्या प्रश्नावर लाखो लोक रस्त्यावर उतरले होते त्याचे पुरावे त्या रुमालांत होते. लाखोंनी नोंदी सापडल्या हे आपण वाचलंच. दूरचित्रवाणीवर मी ती दृश्यं पाहत होतो तेव्हा माझं लक्ष नोंदींपेक्षा पानांच्या कडांकडे जात होतं. कडा खाल्लेल्या, कोपरे तपकिरी, मधेच पाण्याच्या डागाचं वर्तुळ. एका घराण्याची नोंद सापडते आणि शेजारच्याची सापडत नाही, याची कारणं अनेक असतील. त्यात एक कारण असंही असणार, की शेजारच्याच्या गावाचा रुमाल गळक्या कौलाखालच्या मांडणीवर होता.

भूमी अभिलेख खात्यानं 'ई-अभिलेख' प्रकल्पात जुनी कागदपत्रं स्कॅन करायचं मोठं काम केलं आहे, त्याचं श्रेय दिलंच पाहिजे. जी पानं तोवर शाबूत होती ती आता संगणकात आहेत. अनेक तालुक्यांत सगळी कार्यालयं एका छताखाली आणणाऱ्या मध्यवर्ती प्रशासकीय इमारतीही झाल्या. काचेच्या खिडक्या आहेत, लिफ्ट आहे, वाहनतळ आहे. जुनी मामलेदार कचेरी त्यामुळे रिकामी होते. ती पाडायची की ठेवायची याचा निर्णय व्हायचा असतो, आणि निर्णय होईपर्यंत रिकाम्या इमारतीच्या दुरुस्तीला कोण पैसे मागणार? ओळखीच्या एका तालुक्याला गेलो होतो तेव्हा नवीन इमारत पाहून जुन्या कचेरीकडे चक्कर मारली. ओटीवर शेळ्या बसल्या होत्या. मागच्या भिंतीत पिंपळ चांगला मनगटाएवढा झाला होता. खजिन्याच्या दाराला कुलूप नव्हतं, रेकॉर्ड रूमच्या दाराला होतं. शिपायाला विचारलं तर म्हणाला, "साहेब, नव्या बिल्डिंगीत रेकॉर्डला जागा कमी पडली. निम्मे रुमाल हितंच हायेत."